विकसनशील देशांतील वीज प्रकल्पांचे यशापयश : दाभोळ प्रकल्पाचा अभ्यास

१. उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस
• वीज प्रकल्पाचे यश कशावर अवलंबून असते ते सांगता येईल.
• स्थिर आकार व ऊर्जा आकार यांतील फरक उदाहरणाने स्पष्ट करता येईल.
• दाभोळ प्रकल्प अडचणीत का आला, याची कारणमीमांसा करता येईल.

२. प्रास्ताविक

वीज केंद्र उभे राहिले आणि यंत्रे फिरू लागली, म्हणजे प्रकल्प यशस्वी झाला, असे सामान्यतः मानले जाते. विकसनशील देशांचा अनुभव वेगळा आहे. तेथे विजेची टंचाई असते, देशांतर्गत भांडवल अपुरे असते आणि वीज विकत घेणारी सार्वजनिक संस्था बहुधा तोट्यात असते. म्हणून प्रकल्पातील जोखीम करारात कोणावर टाकली आहे आणि ती पेलण्याची त्याची ऐपत आहे का, या दोन प्रश्नांना निर्णायक महत्त्व येते. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ प्रकल्पाच्या आधारे हे समजून घेऊ.

३. विषय-विवेचन

३.१ प्रकल्पाची वाटचाल

१९९१ च्या आर्थिक संकटानंतर वीजनिर्मितीचे क्षेत्र खाजगी व परदेशी कंपन्यांना खुले झाले. जून १९९२ मध्ये अमेरिकेतील एन्रॉन कंपनी व महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ यांच्यात सामंजस्य करार झाला आणि डिसेंबर १९९३ मध्ये वीजखरेदी करार झाला. १९९५ मध्ये राज्यात सत्तांतर झाल्यावर नव्या सरकारने प्रकल्प रद्द केला. पुढे फेरवाटाघाटी करून १९९६ मध्ये तो पुन्हा स्वीकारला. ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा मे १९९९ मध्ये सुरू झाला आणि अवघ्या दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, बंद पडला. १,४४४ मेगावॅटच्या दुसऱ्या टप्प्याचे कामही थांबले. एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली ती डिसेंबर २००१ मध्ये. म्हणजेच दाभोळचे संकट एन्रॉनच्या दिवाळखोरीतून उद्भवलेले नव्हते. त्याची मुळे करारात व परिस्थितीत शोधावी लागतात.

३.२ कारणमीमांसा

(अ) दररचना : विजेच्या दराचे दोन भाग असतात. भांडवली खर्च, कर्जफेड व नफा यांसाठीचा स्थिर आकार वीज घेतली नाही तरी द्यावा लागतो. ऊर्जा आकार मात्र घेतलेल्या युनिटांनुसार बदलतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, दरमहा स्थिर आकार १०० कोटी रुपये आहे. ५० कोटी युनिट वीज घेतल्यास प्रत्येक युनिटावर २ रुपयांचा भार पडेल; २० कोटी युनिटच घेतल्यास तोच भार ५ रुपये होईल. दाभोळची वीज महाग म्हणून मंडळ ती कमी घेई आणि कमी घेतल्यामुळे ती आणखी महाग होई. हे दुष्टचक्र प्रकल्पाच्या मुळावर आले.

(आ) चलन व इंधन : दराचा मोठा भाग डॉलरशी निगडित होता. १९९३ मध्ये सुमारे ३१ रुपयांना मिळणारा डॉलर २००१ मध्ये सुमारे ४७ रुपयांवर गेला. पहिल्या टप्प्यात वापरल्या जाणाऱ्या नाफ्थाचे भावही वाढले. या दोन्ही वाढींचा बोजा मुख्यतः मंडळावर पडला.

(इ) खरेदीदाराची ऐपत : मंडळाची मिळकत रुपयांत होती. वीजगळती, चोरी, थकबाकी व सवलतीचे दर यांमुळे ती आधीच तोकडी होती. २००० च्या अखेरीस कंपनीची बिले थकू लागली. राज्य सरकारची हमी व केंद्र सरकारची प्रतिहमी पाठीशी होती; परंतु हमीमुळे धनको सुरक्षित होतो, ऋणको सक्षम होत नाही.

(ई) निर्णयप्रक्रिया व लोकमान्यता : स्पर्धात्मक निविदा न मागवता करार झाल्याने दराविषयी संशय राहिला. प्रकल्प आर्थिकदृष्ट्या योग्य नसल्याचे मत देऊन जागतिक बँकेने १९९३ मध्येच अर्थसाहाय्य नाकारले होते. गुहागर परिसरातील स्थानिकांचा विरोधही तीव्र होता.

३.३ तुलना : लाओसमधील नाम थेउन २

जोखीम वेगळ्या रीतीने वाटली तर काय घडते, हे लाओसमधील नाम थेउन २ या जलविद्युत प्रकल्पावरून दिसते. २०१० मध्ये व्यावसायिक उत्पादन सुरू झालेल्या या प्रकल्पाची बहुतांश वीज थायलंडची सरकारी वीज संस्था विकत घेते. ही संस्था सक्षम खरेदीदार आहे. विजेचा दर व प्रकल्पाचे कर्ज ही दोन्ही डॉलर व थाई बाट अशा दोन चलनांत विभागली गेली. त्यामुळे चलनाची जोखीम सौम्य झाली. तथापि विस्थापितांची उपजीविका व नदीतील मासेमारी यांवरील परिणामांबाबत या प्रकल्पावर टीका झाली. आर्थिक यश म्हणजे संपूर्ण यश नव्हे, हे येथे ध्यानात घ्यावे.

४. सारांश

दाभोळ येथे तंत्रज्ञान उपलब्ध होते, भांडवल उपलब्ध होते आणि विजेची गरजही होती. परंतु चलन, इंधन व मागणी या तिन्हींची जोखीम सर्वांत दुर्बल घटकावर, म्हणजे विद्युत मंडळावर, टाकली गेली. २००५ मध्ये सार्वजनिक कंपन्यांच्या सहभागाने ‘रत्नागिरी गॅस अँड पॉवर’ ही कंपनी स्थापन करून प्रकल्पाचे पुनरुज्जीवन करण्यात आले. पुढे गॅसच्या तुटवड्याने तिलाही ग्रासले. वीजनिर्मितीसोबत वितरण व वसुली यांची सुधारणा, पारदर्शक निवड आणि जोखमीचे न्याय्य वाटप असल्याशिवाय वीज प्रकल्प टिकत नाही.

५. स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. दरमहा स्थिर आकार १२० कोटी रुपये असल्यास ६० कोटी व ३० कोटी युनिट खरेदीवर प्रतियुनिट भार किती पडेल? त्यावरून कोणता निष्कर्ष निघतो?
२. ‘हमीमुळे धनको सुरक्षित होतो, ऋणको सक्षम होत नाही.’ दाभोळच्या संदर्भात स्पष्ट करा.
३. दाभोळ व नाम थेउन २ या प्रकल्पांतील जोखीम-वाटपाची तुलना करा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या घरच्या वीजबिलातील स्थिर आकार व वीज आकार नोंदवा. सलग तीन महिन्यांची बिले घेऊन, वापर बदलला असता प्रतियुनिट एकूण खर्च कसा बदलतो ते तक्त्यात मांडा.