भोक आधी मोठं करा

27 जुलै 2019. बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तो दिवस. इकडे बदलापूर पश्चिमेला, नदीच्या बाजूच्या आमच्या तळमजल्याच्या घरात दोन फूट पाणी होतं. पाणी ओसरल्यावर चिखल उपसला, फरशी धुतली. हॉल आणि बेडरूममधलं जिप्सम बोर्डाचं पार्टिशन वरून कोरडं दिसत होतं, म्हणून त्याला हात लावला नाही. आठवड्याने कपाट सरकवताना त्याचा कोपरा नुसता टेकला आणि बोर्ड आत गेला. फूट-दीड फुटाचं भोक.

मी वर्तमानपत्राचे बोळे कोंबले आणि वरून पीओपी थापलं. सकाळी सगळा गोळा जमिनीवर. मग आत आडवी काठी खिळ्याने ठोकून पुन्हा थापलं, वर रंग मारला. महिन्याभरात रंगातून काळे ठिपके फुटले, खोलीला ओल्या गोणपाटासारखा वास सुटला आणि आईचा खोकला थांबेना.

अंबरनाथहून आलेल्या कारागिराने आधी मेन स्विच बंद करायला लावला. मग बोटांनी ठोकत तो खालून वर गेला. म्हणाला, "काका, भोक राहू द्या, खालचा अख्खा बोर्डच गेलाय." जमिनीपासून तीन फुटांपर्यंत त्याने बोर्ड कापून काढला. आत विजेची वायर होती, माझ्या खिळ्यापासून बोटभर अंतरावर. ती पाहून माझे हातपाय गार पडले.

दोन कागदांमध्ये जिप्समचा थर, एवढाच हा बोर्ड. तो पाणी खालून वर ओढतो, त्यामुळे भिंतीवर पुराची रेघ दिसते तिच्याही वर ओल चढलेली असते. आणि ओला कागद म्हणजे बुरशीचं अन्न. भिजून मऊ झालेला बोर्ड वाळवत बसू नका, कापून टाका. आतला चौकट-सांगाडा पूर्ण सुकेपर्यंत भिंत उघडीच राहू द्या. पावसाळ्यात याला कितीतरी दिवस लागतात.

कोरड्या भिंतीला मोठं भोक पडलं असेल तर ते आधी आणखी मोठं करायचं. नेमकं हेच करायला आपला हात धजत नाही. पण तळहाताएवढ्या भोकाला नुसती पुट्टी धरत नाही, मागे आधार लागतो. पत्र्याची उभी चॅनलं बहुधा दोन-दोन फुटांवर असतात. भिंतीवर लोहचुंबक फिरवलात की स्क्रू सापडतात. दोन्हीकडच्या चॅनलच्या मध्यापर्यंत चौकोन कापा. तेवढं कापायचं नसेल तर आतून प्लायच्या पट्ट्या स्क्रूने बसवा. नवा तुकडा जुन्याच जाडीचा घ्या, घरात बहुतेक साडेबारा मिलिमीटरचा असतो. स्क्रूचं डोकं कागदात जरासं बुडावं, कागद मात्र फाटू नये. फाटला तर स्क्रूची पकड गेली, शेजारी दुसरा मारा. जोडावर टेप लावाच. ती वगळली की पुढे तुकड्याभोवती चौकोनी तडा उमटतो. त्यावर जॉइंटिंग कंपाउंडचे तीन पातळ हात, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, आणि आधीचा वाळल्यावरच. पॉलिश पेपर मारताना नाकावर मास्क हवा.

हे सगळं पार्टिशनपुरतं. मे 2021 मध्ये उल्हासनगरात साई शक्ती इमारतीत स्लॅब कोसळून सात माणसं गेली. तुमच्या छताचं, कॉलमचं काँक्रीट सुटत असेल, गंजलेली सळई दिसत असेल, तर तिथे पुट्टीचा डबा उघडू नका. स्ट्रक्चरल इंजिनीअरला बोलवा, आज बोलवा.

आमच्या पार्टिशनला खाली तीन फूट आता सिमेंट बोर्ड आहे. रंग मात्र गणपतीत झालाच नाही. येणारा प्रत्येक जण त्या पांढऱ्या पट्ट्याबद्दल विचारायचा आणि आई सांगायची, "भिंत वाळतेय अजून."