खाणीखालच्या ओढ्याची तब्येत कशी ओळखावी?

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणींची लाल माती पावसाळ्यात ओढ्यांत उतरते, तेव्हा झालेले नुकसान कोणालाही दिसते. पण जे पाणी नितळ दिसते ते निर्दोष असतेच का? हे समजून घेण्यासाठी आज आपण अमेरिकेतील अपालाचिया डोंगररांगेचे उदाहरण पाहू या.

तेथे वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी आणि शेजारच्या राज्यांत कोळशासाठी डोंगरमाथे सुरुंगाने उडवण्यात आले व फुटलेला दगड दऱ्यांत लोटण्यात आला. १९८५ ते २००१ या काळात ७२४ मैल, म्हणजे सुमारे ११६५ किलोमीटर लांबीचे ओढे त्या भरावाखाली गाडले गेले. भरावातून झिरपणारे पाणी पुष्कळदा स्वच्छ दिसते आणि आम्लही नसते. दगडातील गंधकाच्या खनिजांपासून आम्ल तयार होते खरे, पण त्याच दगडातील चुनखडी ते शमवते. मात्र त्या क्रियेत सल्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांचे क्षार पाण्यात उतरतात.

अशा ओढ्याची पाहणी तीन पायऱ्यांनी करता येते.

१) तुलना: खाणीखालच्या ओढ्याबरोबर त्याच भागातील खाण नसलेला ओढाही तपासावा. तुलनेशिवाय बिघाड किती झाला ते कळत नाही.

२) पाण्यातील क्षार: क्षार वाढले की पाण्यातून वीज अधिक सहज वाहते. ही वाहकता साध्या उपकरणाने मोजता येते. तेथील निरोगी ओढ्यांत ती सहसा २०० मायक्रोसिमेन्सच्या खाली असते, तर खाणीखालच्या काही ओढ्यांत ती हजाराच्याही पुढे गेलेली आढळली. २०११ साली अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ओढ्यातील जीवांच्या रक्षणासाठी ३०० ही मर्यादा सुचवली.

३) दगडाखालचे जीव: ओढ्याच्या तळाचे दगड ढवळून वाहून येणारे किडे जाळीत धरावेत, त्यांच्या जाती ओळखाव्यात आणि मोजाव्यात. मेफ्लाय नावाच्या कीटकाची पिल्ले क्षारांना फार नाजूक असतात. क्षार वाढले की सर्वांत आधी ती नाहीशी होतात.

ही तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची आहे. बाटलीत भरलेले पाणी त्या एका दिवसाचीच हकिकत सांगते. ही पिल्ले मात्र अनेक महिने पाण्यातच वाढतात. मधल्या काळात पाणी बिघडले असेल, तर त्यांचे नसणे ते दाखवून देते. शिवाय मासे, बेडूक, कोळी, पक्षी आणि वटवाघळे या कीटकांवर जगतात. म्हणजे किडे गेले की नुकसान ओढ्याच्या काठाबाहेरही पसरते.

म्हणून एखाद्या अहवालात 'पाणी स्वच्छ आहे' असे वाचले, तर तेवढ्यावर आपण समाधान मानू नये.

चर्चेसाठी प्रश्न:
१) आपल्या परिसरातील ओढ्यात पूर्वी दिसणारे कोणते जीव आता दिसत नाहीत?
२) पाण्याची तपासणी होते तेव्हा तुलना कोणत्या ओढ्याशी केली जाते?