ॲप गेलं तरी डबा वाजला पाहिजे

लेकाने पुण्याहून आणून दिलेला म्युझिक स्ट्रीमर नगरच्या सावेडीतल्या घरात छान वाजत असतो आणि एक दिवस कंपनी कळवते, आता ॲप बंद. बोसने साउंडटच मालिका 2013 साली आणली; तिची क्लाउड सेवा थांबवणार असल्याचं ऑक्टोबर 2025मध्ये जाहीर केलं. पुढे मुदत फेब्रुवारीवरून मे 2026पर्यंत वाढवली आणि बाहेरच्यांना पर्यायी ॲप लिहिता यावं म्हणून तांत्रिक माहितीही खुली केली. इतका दिलदारपणा प्रत्येक कंपनी दाखवेलच असं नाही. पण ॲप गेल्याने आतला स्पीकर बिघडत नाही. आपली तयारी मात्र मुदत संपायच्या आत झालेली बरी.

काय करावे

- आधी चाचणी घ्या. वाय-फाय चालू, पण इंटरनेट बंद, अशा अवस्थेत एकेक गोष्ट वाजवून बघा: ब्लूटूथ, ऑक्स, पेनड्राइव्ह, घरच्या संगणकातली गाणी. (रिचार्ज संपला की ही अवस्था आपोआप येते.) जे वाजलं ते डब्याचं स्वतःचं, ते कंपनीची सेवा बंद झाली तरी सहसा टिकतं. स्पॉटिफाय आणि इंटरनेट रेडिओ नेटअभावी गप्प बसणारच. त्यांचा निकाल यावरून लावू नका.

- वाय-फायचं नाव आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. सगळ्यात कामाची गोष्ट हीच. बहुतेक स्ट्रीमरना नवं वाय-फाय दाखवायला ॲपच लागतं. त्यामुळे उद्या बीएसएनएल सोडून दुसरं कनेक्शन घेतलं, तर जोडणीवाल्या पोराला सांगा, ‘नव्या राउटरला जुनंच नाव, जुनाच पासवर्ड दे.’ अक्षर न अक्षर तेच हवं, कॅपिटल-स्मॉलसकट. सुरक्षेचा प्रकारही जुनाच, म्हणजे बहुधा डब्ल्यूपीए2, ठेवायला सांगा. डब्याला राउटर बदलल्याचा पत्ताही लागत नाही.

- मागे लॅनचं भोक असेल तर सरळ केबल लावा, वरचा सगळा खटाटोप वाचतो.

- लाईट येऊन-जाऊन असते तिथे स्ट्रीमर राउटरच्या आधी जागा होतो आणि वाय-फाय न सापडल्याने कधी कधी रुसून बसतो. राउटरचे दिवे स्थिर होऊ द्या, मग स्ट्रीमर बंद करून पुन्हा चालू करा. राउटरला छोटा यूपीएस लावला तर उत्तमच.

- ॲप असलेला जुना अँड्रॉइड फोन स्ट्रीमरचा रिमोट म्हणून राखून ठेवा आणि त्यातलं ऑटो-अपडेट बंद करा. लॉगिनशिवाय न उघडणारं ॲप असेल तर यावर फार भिस्त ठेवू नका.

- डब्यावर डीएलएनए (घरच्या नेटवर्कवरून गाणी वाजवायची सोय) असेल तर गाणी संगणकावर ठेवा, तिथे जेलीफिनसारखा मोफत सर्व्हर डीएलएनए प्लगइनसह बसवा आणि अँड्रॉइड फोनवर बबलयूपीएनपी हे ॲप घ्या. कॅसेटवरून उतरवलेली कीर्तनं कुठल्याच स्ट्रीमिंग सेवेवर मिळायची नाहीत; ती अशीच वाजतात.

- लॉजिटेकचा स्क्वीझबॉक्स असेल तर निश्चिंत राहा. त्याची विक्री 2012च्या सुमारास थांबली, ऑनलाइन सेवा 2024मध्ये बंद झाली, तरी लिरियन म्युझिक सर्व्हर हे मोफत सॉफ्टवेअर हौशी मंडळी आजही सांभाळतात. ते रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही चालतं.

- आकाशवाणीच्या नगर केंद्रासाठी मुळात स्ट्रीमर लागतच नाही. ट्रान्झिस्टरच्या हेडफोनच्या भोकातून ऑक्सला वायर द्या, काम झालं.

काय टाळावे

- फॅक्टरी रीसेट! काही अडलं की ‘रीसेट मारून बघू’ ही आपली सवय. मार्च 2025मध्ये दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट आणि क्रोमकास्ट ऑडिओ जगभर एकदम अडले. दोष गूगलकडचा होता, डब्यांमधल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची मुदत संपली होती. गूगलने सांगितलं, रीसेट करू नका, दुरुस्ती पाठवतो. ज्यांनी आधीच करून टाकलं, त्यांची नव्याने जोडणी होईना. ॲप उरलेलं नसताना रीसेट केलात तर वाय-फायची आठवणही जाते, मग ती परत द्यायची कशी?

- कुठल्याही साइटवरून ‘जुनं ॲप’ उतरवणं. त्याहून वाईट म्हणजे गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून, समोरचा म्हणेल ते स्क्रीन दाखवणारं ॲप टाकणं. गाणं राहील बाजूला, खातं रिकामं होईल.

- स्ट्रीमर गेस्ट वाय-फायवर आणि फोन मुख्य वाय-फायवर ठेवणं. दोघं एकमेकांना दिसत नाहीत आणि आपण उगाच स्ट्रीमर बिघडला म्हणतो.

- राउटरमध्ये पोर्ट उघडून जुना डबा बाहेरून चालवायची हौस. अपडेट बंद झालेली वस्तू घरातच बरी.

- वॉरंटीत असताना ॲप बंद झालं तर गप्प बसणं. बिल काढा, कंपनीला लेखी कळवा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे.

- नवा घेताना नुसत्या ॲपवर चालणारा डबा. सारेगामाच्या मराठी कारवाँत गाणी आतच भरलेली असतात आणि बटणं हाताला लागतात. आवाजाच्या दर्दींना तो पुरणार नाही, पण आजीला पुरतो. स्ट्रीमरच हवा असेल तर दुकानदाराला म्हणा, ‘फोन खिशात ठेवा आणि आता याचा आवाज कमी करून दाखवा.’