चाचणी-प्रतिमेचा हीट नंबर

लिनक्सच्या एखाद्या वितरणाची नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी तपासणीसाठी जी आयएसओ फाइल उपलब्ध होते, तिला येथे चाचणी-प्रतिमा म्हटले आहे. ती बहुधा मिररवरून, म्हणजे विद्यापीठे व संस्था स्वखर्चाने राखत असलेल्या हुबेहूब साठ्यावरून, उतरवून घेतली जाते. पक्क्या आवृत्तीची फाइल एकदा ठेवली की बदलत नाही, परंतु डेबियनच्या ‘टेस्टिंग’ शाखेची प्रतिमा दर आठवड्याला नव्याने बांधली जाते आणि नाव मात्र तेच राहते, हे भिलाईत मंद जोडणीवर रात्री जागवणाऱ्या प्रस्तुत लेखकाच्या ध्यानात फार उशिरा आले. तुटलेले डाउनलोड काही दिवसांनी थांबल्या जागेपासून पुढे चालू केले असता, मधल्या काळात मिररवर नवी प्रतिमा आलेली असल्याने, फाइलचा पूर्वार्ध एका आठवड्याचा आणि उत्तरार्ध दुसऱ्या आठवड्याचा झाला. प्रतिष्ठापना मध्येच कोसळली, आणि तो वितरणाचाच दोष समजून पाठवलेल्या अहवालापायी परक्या स्वयंसेवकांचे श्रम वाया गेले, याची खंत आजही आहे.

भिलाईच्या पोलाद कारखान्यातील रुळावर हीट नंबर, म्हणजे तो पोलादाच्या कोणत्या ओतातून आला हे सांगणारा क्रमांक, उमटवलेला असतो, कारण ओत ठाऊक नसेल तर नमुन्याची तपासणी व्यर्थ ठरते. प्रतिमेच्या बाबतीत ती ओळख चेकसम, म्हणजे फाइलच्या संपूर्ण आशयावरून काढलेली संख्या, पटवते. ती आणि तिच्यासोबतची डिजिटल स्वाक्षरी ताडल्यावाचून तपासणीस बसू नये.

दर वेळी संपूर्ण फाइल आणणे हीही चूकच होती. अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकरस यांची 1996 मधील आरसिंक पद्धत जवळची जुनी फाइल आधाराला घेऊन केवळ बदललेले तुकडे आणते. मात्र पुढच्या टप्प्यावर फाइलचे नाव बदलले, तर जुन्या फाइलची प्रत आधी नव्या नावाने ठेवावी लागते, अन्यथा सारे पुन्हा उतरते. डेबियनच्या डीव्हीडीत पॅकेजे जशीच्या तशी असल्याने यात मोठी बचत होते, तर लाइव्ह प्रतिमेतील सारी फाइलव्यवस्था दाबून बसवलेली असल्याने जुळणारे तुकडे बरेचदा थोडेच निघतात. शिवाय तुकडे जुळवण्याचा भार आरसिंकमध्ये मुख्यतः मिररवर पडतो. झेडसिंकमध्ये तुकड्यांच्या खुणा आधीच काढून ठेवलेल्या असतात आणि जुळवणी उतरवणाऱ्याचा संगणक करतो. डेबियनसाठी जिग्डो त्याहून सोयीचे, कारण ते एक यादी व एक साचा घेऊन, जुन्या डीव्हीडीतील आणि जवळच्या मिररवरील पॅकेजांतून प्रतिमा घरीच जुळवते.

अहवालात प्रतिमेची बांधणी-तारीख अवश्य लिहावी. डेबियनच्या डिस्कवर ‘.डिस्क’ या दडलेल्या फोल्डरातील ‘इन्फो’ फाइलमध्ये ती सापडते.