गुळव्याची वही

पुणे-सोलापूर रस्त्याने वरवंडला या. आजूबाजूला ऊस दिसेल. आपला दौंड तालुका उसाचा आणि गुऱ्हाळांचा. चुलाण पेटते, काहिलीत रस उकळू लागतो. गुळव्या जवळच उभा असतो. मळी कधी काढायची, काहील नेमकी कधी उतरवायची, हे त्याला ठाऊक. वेळ चुकली की गूळ बिघडतो.

समजा, हा गुळव्या आपली कृती कुणालाच दाखवीत नाही. ऐन हंगामात तो रुसून गेला, तर? ऊस तोडून पडलेला आणि मालक हात चोळीत बसलेला. पण हीच कृती त्याने वहीत लिहिली, वही सर्वांना उघडी ठेवली, तर? दुसरा गुळव्या येईल, वही वाचील, काम पुढे चालेल. त्याला काही नवे सुचले, तर तेही वहीत लिहील.

तुम्ही म्हणाल, "गुळाचं कळलं. पण आजचा धडा कशाचा?"

धडा संगणकाचा आहे.

संगणक हे यंत्र. आपणहून त्याला काही कळत नाही. बेरीज कशी करायची, दाखला कसा छापायचा, हे त्याला पायरीपायरीने लिहून द्यावे लागते. या लिखाणाला सॉफ्टवेअर म्हणतात. ही झाली संगणकाची कृती.

कृती दोन तऱ्हेची असते. एक बंद. ती वापरायला मिळते, पण मूळ लिखाण पाहायला मिळत नाही. बदलायची मनाई, शेजाऱ्याला द्यायचीही मनाई. दुसरी खुली. ती वापरा, वाचा, सुधारा, इतरांना द्या. हिला 'मुक्त स्रोत' किंवा 'ओपन सोर्स' म्हणतात.

ही चाल कुणी पाडली? अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 साली असे खुले सॉफ्टवेअर तयार करण्याचे जाहीर केले. 1991 साली फिनलंड देशातील लिनस टॉरव्हाल्ड्स या 21 वर्षांच्या विद्यार्थ्याने 'लिनक्स' लिहिण्यास घेतले आणि ते जगापुढे ठेवले. देशोदेशीच्या हजारो माणसांनी त्यात भर घातली. एकाने पाया घातला, गावाने वाडा बांधला, तसे झाले. आज अँड्रॉइड फोनच्या पोटात हेच लिनक्स आहे. म्हणजे खुली कृती तुमच्या खिशातही असेल!

आपल्या देशातही हे काम झाले आहे. पुण्यात 1988 साली 'सी-डॅक' ही सरकारी संस्था निघाली. या संस्थेने लिनक्सवरून 'बॉस' नावाची प्रणाली तयार केली. तिची पहिली आवृत्ती 2007 साली निघाली. तिच्यात मराठीतही काम करता येते. पुढे 2015 साली केंद्र सरकारने धोरण ठरविले, की सरकारी कामात खुल्या सॉफ्टवेअरला पसंती द्यावी. ते डावलायचे असेल, तर कारण द्यावे.

व्यापारातही तेच. मुंबईत 2008 साली सुरू झालेल्या एका कंपनीचे 'ईआरपीनेक्स्ट' हे सॉफ्टवेअर खुले आहे. मालाची आवकजावक, बिले, जमाखर्च, सारे त्यात ठेवता येते. मग कंपनीचे पोट कशावर चालते? ते बसवून देणे, सांभाळणे, शिकविणे, या कामाचे पैसे घेता येतात.

म्हणून खुले म्हणजे फुकट, असे समजू नका. विहीर गावाची असली, तरी गाळ काढायला मजुरी लागतेच. सांभाळणारा जाणता माणूस नसेल, तर खुले सॉफ्टवेअरही अडून बसेल. फरक इतकाच, की हे काम कुणाला द्यायचे ते आपण ठरवू शकतो.

काही जणांना भीती वाटते, "कृती खुली, मग आमचं खातंही खुलं का?" नाही. कुलूप कसे बनते, हे सर्वांना कळले, तरी तुमची किल्ली तुमच्याच कनवटीला असते. उलट, कृती पाहणारे डोळे पुष्कळ असले, तर चूक सापडण्याची आशा जास्त.

आता एक गोष्ट मनाशी धरा. समजा, गावच्या दूध संस्थेचा हिशेब बंद सॉफ्टवेअरमध्ये आहे. ते देणारा दुकान बंद करून गेला. संगणक बिघडला. दिवाळी तोंडावर, आणि कुणाचे किती लिटर दूध, हेच कळेना! दूध आपले, घाम आपला, आकडे मात्र दुसऱ्याच्या कुलपात. असे होऊ नये.

म्हणून संगणकाच्या कामाचा करार ग्रामसभेत किंवा संस्थेच्या सभेत आला, की मागे बसून राहू नका. उठून तीन प्रश्न विचारा:

1. आमचे आकडे आम्हांला हवे तेव्हा, दुसरीकडे वापरता येतील असे मिळतील का?

2. हा माणूस गेला, तर दुसऱ्याला काम पुढे चालविता येईल का?

3. याच कामाचे खुले सॉफ्टवेअर पाहिले का? नसेल घेतले, तर का नाही?

हे विचारायला संगणक यावा लागत नाही. पैसा गावाचा आहे, हिशेब गावाचा आहे. आपण वाचायला शिकलो, ते कुणी पुढे केलेल्या कागदावर नुसती सही करण्यासाठी नव्हे. वही उघडी आहे की बंद, हे आधी पाहू. मग सही करू.

सांगा पाहू

बंद आणि खुले सॉफ्टवेअर यांत फरक कोणता?

तुमच्या गावात कोणकोणते हिशेब संगणकावर आहेत? ते कोण सांभाळतो?