मोठा मासा गळाला लागला तर : पेंढा, प्रतिकृती की पुन्हा पाणी?

मृगाचा पाऊस स्थिरावला आणि ओढ्यांना पाणी आले की घाटमाथ्यावरील गावांत चढणीच्या माशांचे दिवस सुरू होतात. खानापूर तालुक्यातील गुंजी व आसपासच्या खेड्यांनाही हा ऋतू नवा नाही. या तालुक्याचे पाणी दोन दिशांना वाहते. कणकुंबी येथे उगम पावणारी मलप्रभा पूर्वेकडे जाऊन कृष्णेला मिळते, तर म्हादई पश्चिमेस गोव्यातून अरबी समुद्र गाठते. अशा डोंगराळ, खडकाळ व थंड प्रवाहांच्या प्रदेशात एखाद्या वेळी गळाला वा जाळ्याला असा मासा लागतो की तो पाहण्यासाठी सारे गाव जमते. मग प्रश्न उभा राहतो, या माशाचे करावयाचे काय? त्याची कातडी जतन करून भिंतीवर लावावी, त्याची प्रतिकृती करून घ्यावी, की त्यास पुन्हा पाण्यात सोडून द्यावे? हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. परंतु नदीच्या पुढील पिढ्यांशी त्याचा थेट संबंध आहे.

मोठा मासा म्हणजे कोण?

दख्खनच्या नद्यांत मोठा मासा म्हटला की महसीराचे नाव प्रथम येते. मोठे खवले, जाड ओठ, तोंडाजवळ मिशांच्या दोन जोड्या व प्रवाहाविरुद्ध झुंजण्याची विलक्षण ताकद ही त्याची ओळख. कर्नल विल्यम साइक्स या अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांचे वर्णन केले, तेव्हा पुण्याच्या परिसरात मिळालेल्या महसीराला त्याने ‘खुद्री’ हे मराठी मुलखातील नावच शास्त्रीय नामात दिले. आजही जगभरचे शास्त्रज्ञ या माशास ‘टोर खुद्री’ म्हणूनच ओळखतात. मराठी बोलीचा हा मान आपल्या शाळांतून सांगितला जावा, इतका मोलाचा आहे.

महसीराचा वंश रोहू-कटल्याच्या वेगाने वाढत नाही. रोहूची मादी वजनाच्या प्रत्येक किलोमागे लाखांच्या हिशेबात अंडी देते. महसीराचा हिशेब काही हजारांचा असतो. अंडी आकाराने मोठी असतात आणि ती फुटण्यास तीन दिवसांच्या आसपास अवधी लागतो. रोहूच्या अंड्यांना एक दिवसही पुरतो. शिवाय मासा वयात येण्यास वर्षे लागतात, आणि फार मोठे वाढलेले मासे बहुधा माद्या असतात. म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर सापडलेला थोराड महसीर हा केवळ एक मासा नसून पुढील अनेक विणींचे बियाणे होय. शेतकरी बियाण्याचे कणगे फोडून खात नाही. तोच न्याय येथे लागू पडतो.

पहिला मार्ग : कातडी जतन करणे

याला लोकभाषेत ‘पेंढा भरणे’ म्हणतात. माशाच्या दर्शनी नसलेल्या बाजूने छेद देऊन कातडी सोडवितात, मांस व चरबी खरवडून काढतात, टाकणखारासारख्या द्रव्याने कातडी टिकाऊ करतात व ती माशाच्या आकाराच्या साच्यावर बसवितात. पशुपक्ष्यांच्या मानाने माशाचे काम अवघड असते. मासा मेल्यावर त्याचे रंग उडतात, त्यामुळे जतन केलेल्या माशाचे रंग हे रंगाऱ्याने दिलेले असतात. पर वाळून तुटतात. राहिलेली चरबी पुढे कित्येक महिने पाझरते. खानापूरसारख्या धो धो पावसाच्या मुलखात दमटपणा, बुरशी व कातडी खाणारे किडे यांचा उपद्रव निराळाच. जुन्या काळी अशा कामात सोमल वापरीत. म्हणून शाळेच्या कपाटात जुना पेंढा भरलेला नमुना असल्यास मुलांनी त्यास उघड्या हातांनी स्पर्श करू नये.

या मार्गाचा खरा उपयोग अभ्यासासाठी आहे. संग्रहालयातील नमुना शंभर वर्षांनीही जातीची साक्ष देतो. मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ साली वन्यप्राण्यांची कातडी जतन करणारे केंद्र सुरू झाले, ते याच विचाराने. मृत्यू पावलेला प्राणी शिक्षणाच्या कामी यावा, हा त्यामागील हेतू. नैसर्गिकरीत्या मेलेला किंवा वाचणे शक्य नसलेला मासा जतन करणे उचित आहे; भिंतीच्या शोभेसाठी निरोगी मादी मारणे उचित नाही.

दुसरा मार्ग : प्रतिकृती

काचतंतू व राळ यांपासून केलेली प्रतिकृती पाझरत नाही, तिला किडे लागत नाहीत आणि मुख्य म्हणजे तिच्यासाठी मासा मारावा लागत नाही. कारागिरास तीन गोष्टी लागतात : तोंडाच्या टोकापासून शेपटीपर्यंतची लांबी, शरीराच्या सर्वांत रुंद भागाचा घेर आणि दोन्ही बाजूंची स्वच्छ छायाचित्रे. छायाचित्रात रंग ताजे दिसावेत म्हणून मासा ओला असतानाच ते घ्यावे.

वजनकाटा जवळ नसल्यास वजनाचा अंदाज पुढील रीतीने काढता येतो. लांबी व घेर सेंटिमीटरमध्ये मोजावेत. लांबीला घेराने दोन वेळा गुणावे व येणाऱ्या संख्येस २९,००० ने भागावे. उत्तर किलोमध्ये मिळते. उदाहरणार्थ, लांबी ९० सें.मी. व घेर ५० सें.मी. असल्यास गुणाकार २,२५,००० येतो आणि वजन सुमारे पावणेआठ किलो निघते. हा अंदाज आहे, तंतोतंत माप नव्हे. तथापि माशाला काट्यावर लटकवून त्याचा जबडा व कणा दुखावण्यापेक्षा तो केव्हाही बरा.

प्रतिकृतीला खर्च येतो, हे खरे. ज्यास तो परवडत नाही त्याने मापे, तारीख, ठिकाण व छायाचित्र एका चौकटीत लावावे. स्मरण म्हणून ते तितकेच सच्चे असते.

तिसरा मार्ग : पुन्हा पाण्यात

सोडलेला मासा जगला तरच सोडण्याला अर्थ आहे. त्यासाठी पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. टोकामागे उलटा काटा नसलेला गळ वापरावा. मासा दमून निपचित पडेपर्यंत खेळवू नये.
२. हात ओले करूनच माशास धरावे. कोरडे हात, वाळू व कोरडे कापड यांनी अंगावरील बुळबुळीत थर निघतो आणि तेथे रोग शिरतो.
३. कल्ल्यांत बोटे घालून मासा उचलू नये. मोजमाप व छायाचित्र शक्यतो पाण्यातच उरकावे. आपण स्वतः जितका वेळ श्वास रोखू शकू, त्याहून अधिक वेळ मासा पाण्याबाहेर ठेवू नये.
४. गळ घशात खोल गेला असल्यास ओढाताण न करता दोरी जवळून कापावी.
५. सोडताना तोंड प्रवाहाकडे करून मासा हळुवार आधाराने धरावा. तो स्वतःच्या बळाने निसटला म्हणजे काम झाले.
६. ऐन उन्हाळ्यात डोह आटतात, पाणी तापते व त्यातील प्राणवायू घटतो. अशा वेळी हौशी मासेमारी बंद ठेवणेच इष्ट.

सोडणे सदैव योग्य असते काय?

याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. १९५२ साली भारतात आणलेला तिलापिया आणि बंदी असूनही पसरलेला आफ्रिकी मांगूर हे परके मासे आहेत. ते आपल्या माशांची अंडी, पिले व अन्न यांवर डल्ला मारतात. असा मासा कितीही मोठा असो, त्यास नदीत परत सोडू नये. त्याचप्रमाणे कल्ल्यांतून रक्त वाहणारा, जगण्याची आशा नसलेला मासा पाण्यात फेकणे ही दया नव्हे. तो अन्न म्हणून वा अभ्यासासाठी वापरावा. ज्या कुटुंबाची चूल मासेमारीवर पेटते त्यास हौशी माणसाचे नियम जसेच्या तसे लावणेही न्यायाचे होणार नाही. मात्र विणीच्या काळात अंड्यांनी भरलेली मादी सोडण्यात त्याच मच्छीमाराचा उद्याचा घास सुरक्षित राहतो, हे ग्रामसभेत समजावून सांगता येते. सुरुंग लावून किंवा विष कालवून मासे मारण्यास तर १८९७ च्या भारतीय मत्स्य अधिनियमाने मनाई केलेली आहे. त्या मार्गाने थोरामोठ्यांबरोबर पिलेही संपतात.

कावेरीचा धडा

कावेरी खोऱ्यातील कबिनी नदीत १९४६ साली १२० पौंड, म्हणजे सुमारे ५४ किलो वजनाचा महसीर गळाने पकडला गेला. तो पकडणारे डी वेट व्हॅन इंगेन हे म्हैसूरच्या त्या प्रसिद्ध घराण्यातील होते, ज्यांचा व्यवसायच शिकारीत मारलेले प्राणी जतन करण्याचा होता. कावेरीच्या या पाठीवर उंचवटा असलेल्या महसीराची कीर्ती जगभर पसरली. परंतु त्याचे शास्त्रीय नाव निश्चित होण्यास २०१८ साल उजाडले. तोवर ही जात अत्यंत संकटग्रस्त ठरली होती.

या ऱ्हासाचे एक कारण मराठी मुलखाशी निगडित आहे. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकात महसीर पैदास केंद्र चालविले. महाराष्ट्राचे माजी मत्स्य संचालक डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी तेथे खुद्री महसीराची कृत्रिम वीण यशस्वी करून दाखविली. हे कार्य थोर होते, आणि खुद्रीची स्थिती पुढे सुधारली. परंतु तेथील बीज कावेरीतही सोडले गेले. पकडून सोडून देणाऱ्या गळकऱ्यांनी १९९८ ते २०१२ या काळात ठेवलेल्या नोंदी तपासल्या, तेव्हा खुद्री वाढत असून कावेरीचा मूळचा महसीर घटत चालल्याचे दिसून आले. यातून दोन बोध निघतात. मासा ज्या नदीचा, त्याच नदीत सोडावा. आणि प्रत्येक पकडीची नोंद ठेवावी. भिंतीवरील माशापेक्षा वहीतील ओळ अधिक बोलकी ठरली.

परंपरेचा आधार

मासा राखणे ही कल्पना आपल्याकडे परकी नाही. महाडजवळील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचे मासे म्हणून तेथील मासे कोणी मारीत नाही. वाडा तालुक्यात वैतरणेकाठी तिळसे येथेही देवळापाशी मासे राखले जातात. कर्नाटकात तुंगेकाठच्या शृंगेरीस हीच रीत आहे. माउलीच्या गुंजीला देवाच्या नावाने झाड राखणे ठाऊक आहे. तसाच एखादा डोह राखणे कठीण नाही. भीमगड अभयारण्यासारख्या संरक्षित क्षेत्रात मात्र वन विभागाची परवानगी नसता मासेमारीचा विचारही करू नये.

शिक्षकांसाठी

विद्यार्थ्यांकडून ‘नदीची वही’ ठेवून घ्यावी. तारीख, ठिकाण, माशाचे स्थानिक नाव, लांबी, घेर आणि ‘सोडला की नेला’ एवढे रकाने पुरेत. वरील रीतीने वजन काढणे हा गणिताचा पाठ होईल. गावातील वृद्धांना पूर्वी कोणत्या डोहात कोणते मासे मिळत असत हे विचारणे हा इतिहासाचा पाठ होईल. पाच-दहा वर्षे ही वही चालली तर ग्रामपंचायतीस व मत्स्य विभागास तिचा आधार घेता येईल.

सारांश, मेलेला वा न वाचणारा मासा जतन करावा, आठवण हवी असल्यास प्रतिकृती अथवा छायाचित्र ठेवावे, परका मासा परत सोडू नये, आणि आपल्या नदीचा निरोगी मोठा मासा तिच्या स्वाधीन करावा. भिंतीवरचा मासा एका घराचा असतो. डोहातला साऱ्या गावाचा.