अतिसूक्ष्म पदार्थ : जमिनीतील, घरातील आणि बाटलीतील

‘नॅनो’ हा शब्द अलीकडे खतांच्या दुकानापासून पाणी शुद्ध करण्याच्या उपकरणापर्यंत सर्वत्र कानी पडतो. माळशिरस तालुक्यातील बागायतदारासही तो आता अपरिचित नाही. परंतु या शब्दाचा अर्थ, त्यामागील शास्त्र व त्याची मर्यादा समजून घेतल्याशिवाय त्यावर पैसा खर्च करणे हिताचे नाही. प्रस्तुत लेखात या विषयाची ओळख करून देण्याचे योजिले आहे.

नॅनोमीटर म्हणजे काय ?

एका मिलिमीटरचे दहा लाख समान भाग केले असता त्यांतील एक भाग म्हणजे नॅनोमीटर होय. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ५० हजार ते १ लाख नॅनोमीटर असते. ज्या कणांचे एखादे माप १ ते १०० नॅनोमीटरच्या दरम्यान असते, त्यांस अतिसूक्ष्म किंवा नॅनो कण म्हणतात.

कण लहान झाला म्हणजे त्याचा गुण का बदलतो, हे एका हिशोबाने स्पष्ट होईल. प्रत्येक बाजू एक सेंटिमीटर असलेल्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे १० नॅनोमीटर बाजूचे तुकडे केले, असे कल्पिले तर सर्व तुकड्यांचा मिळून पृष्ठभाग ६०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ ६ गुंठे होतो. गुळाच्या ढेपेपेक्षा चुरा लवकर विरघळतो, त्याचेही कारण हेच. मात्र पृष्ठभाग वाढला तरी वजन वाढत नाही. सूक्ष्मतेने काम वाढते, माल वाढत नाही, हे सूत्र पुढील सर्व विवेचनात ध्यानात ठेवावे.

नित्याच्या व्यवहारातील उदाहरणे

दुधातील केसीन या प्रथिनाचे पुंजके काही दशक ते काही शतक नॅनोमीटर आकाराचे असतात. त्यांवरून व स्निग्धांशाच्या गोलकांवरून प्रकाश विखुरतो म्हणून दूध पांढरे दिसते. ट्रॅक्टरच्या टायरमधील रबरास बळकटी यावी म्हणून अतिसूक्ष्म काजळी मिसळतात. २००९ साली बाजारात आलेल्या ‘टाटा स्वच्छ’ या जलशुद्धीकरण उपकरणात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसविलेले होते. त्यांच्या योगाने पाण्यातील जंतूंचा नाश होतो.

काळ्या जमिनीतील अतिसूक्ष्म पापुद्रे

शेतकऱ्याच्या मालकीचा सर्वांत मोठा अतिसूक्ष्म पदार्थ मात्र त्याच्या शेतातच आहे. काळ्या जमिनीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती विपुल असते. तिचा एकेक पापुद्रा सुमारे १ नॅनोमीटर जाडीचा असून शुद्ध स्वरूपातील १ ग्रॅम मातीचा पृष्ठभाग ७०० ते ८०० चौरस मीटर, म्हणजे सात-आठ गुंठे भरतो. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की जमीन फुगते. उन्हाळ्यात ते निघून गेले की भेगा पडतात. या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असल्यामुळे अमोनियम, पालाश, कॅल्शियम इत्यादी अन्नद्रव्ये त्यास धरून राहतात व मुळांस मिळतात.

कॅल्शियम पुरेसा असता पापुद्रे एकत्र येऊन मातीची रवाळ घडण होते. नीरा उजव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकविणाऱ्या या तालुक्यात जेथे पाणी अतिरेकाने दिले जाते व निचरा होत नाही, तेथे क्षार वर येऊन सोडियमचे प्रमाण वाढण्याचा धोका असतो. सोडियममुळे पापुद्रे एकमेकांपासून सुटतात, मातीतील छिद्रे बुजतात आणि जमीन चोपण होते. अशा जमिनीत दिलेल्या खताचा मोबदला मिळत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पुढील सोपी परीक्षा करून दाखवावी. हरभऱ्याएवढे वाळलेले ढेकूळ काचेच्या पेल्यातील स्वच्छ पावसाच्या पाण्यात अलगद सोडावे व न ढवळता काही तास ठेवावे. ढेकूळ नुसते फुटले तर चिंता नाही. परंतु त्याभोवती दुधाळ गढूळपणा पसरला तर सोडियमचा संशय घ्यावा आणि मातीचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. अहवालानुसार जिप्समची मात्रा ठरवावी. प्रथम चर काढून निचरा साधावा, नंतर जिप्सम द्यावे. ताग किंवा धैंचा गाडावा. निचऱ्यावाचून घातलेले जिप्सम व्यर्थ जाते.

नॅनो युरियाचा हिशोब

इफको या सहकारी संस्थेने २०२१ साली द्रवरूप नॅनो युरिया बाजारात आणला आणि ५०० मिलिलिटरची एक बाटली युरियाच्या एका गोणीस पर्याय होईल असे सांगण्यात आले. येथे वरील सूत्र लावून पाहावे. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के, म्हणजे सुमारे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. आरंभीच्या ४ टक्के नत्राच्या बाटलीत ते २० ग्रॅम होते. पुढे आलेल्या २० टक्के नत्राच्या बाटलीत ते १०० ग्रॅम भरते. आडसाली उसास हेक्टरी ४०० किलो, म्हणजे एकरी सुमारे १६० किलो नत्राची शिफारस आहे. पानांवर फवारलेले नत्र लवकर उपयोगी पडते हे खरे; तथापि ग्रॅमांनी किलोंची भरपाई कशी व्हावी, हा प्रश्न उरतोच. पंजाब कृषी विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी भात व गहू या पिकांवर केलेल्या दोन वर्षांच्या प्रयोगात, जमिनीतून द्यावयाचे नत्र कमी करून त्याऐवजी नॅनो युरिया फवारला असता उत्पादन घटल्याचे आढळले.

म्हणून फवारणी करावयाचीच असेल तर ती पूरक समजावी. केवळ बाटलीच्या भरवशावर संपूर्ण शेताची नत्राची मात्रा कमी करू नये. ज्यांस अनुभव घ्यावयाचा असेल त्यांनी एकाच शेतात एकाच लागणीचे दोन सारखे पट्टे आखावेत. एकास शिफारशीप्रमाणे पूर्ण खत द्यावे. दुसऱ्यास युरिया कमी करून फवारणी करावी. पाणी व मशागत दोहोंस सारखीच ठेवावी आणि तोडणीच्या वेळी दोन्ही पट्ट्यांतील ऊस वेगवेगळा वजन करून खर्चासह नोंद ठेवावी. फवारताना नाकातोंडावर पट्टी बांधावी. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

तात्पर्य

अतिसूक्ष्म पदार्थ हे जादू नव्हेत. ते पृष्ठभागाचे शास्त्र आहे. विकतच्या बाटलीचा विचार करण्यापूर्वी, निसर्गाने फुकट दिलेले जमिनीतील अतिसूक्ष्म पापुद्रे बेताचे पाणी, निचरा व सेंद्रिय खत यांच्या योगे जपणे, हेच शेतकरी बंधूंचे पहिले कर्तव्य होय.